हरणाच्या शिकारीसाठी सेमी-ऑटो की बोल्ट-ॲक्शन?

पत्राचा आशय असा: ‘मी ४३ वर्षांचा, मूळचा सांगलीचा, गेली १४ वर्षे न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. ग्रीन कार्ड आहे. ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी दरवर्षी नोव्हेंबरअखेरीस पेनसिल्व्हेनियाच्या उत्तर भागात, पॉटर काउंटीत, हरणांच्या शिकारीला जातात. यंदा त्यांनी मलाही बोलावले आहे. शिकाऱ्यांसाठीचा सुरक्षा-प्रशिक्षणाचा वर्ग मी पूर्ण केला आहे, पण स्वतःची रायफल अजून घेतलेली नाही. टेक्सासमधला माझा मावसभाऊ म्हणतो, डोळे झाकून सेमी-ऑटोमॅटिक घे, धक्का कमी बसतो आणि दुसरी गोळी लगेच सुटते. सहकारी म्हणतात, बोल्टशिवाय दुसरे काही आणू नकोस. गेल्या वर्षी माझ्या उजव्या खांद्याचे ऑपरेशन झाले आहे, त्यामुळे धक्क्याची धास्ती वाटते. अंदाजपत्रक १२०० डॉलरचे आहे. पत्नीचे म्हणणे एवढेच, की जनावर तडफडत राहणार नाही असे जे असेल ते घ्या, नाहीतर जाऊच नका. काय घ्यावे?’

सप्रेम नमस्कार.

तुमचे मावसभाऊ आणि तुमचे सहकारी या दोघांच्या वादाचा निकाल तुमच्यापुरता पेनसिल्व्हेनिया राज्याने आधीच लावून ठेवलेला आहे. त्या राज्यात हरणाच्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे गोळी सुटली की पुढचे काडतूस आपोआप भरणारी, रायफल चालत नाही. प्रत्येक गोळीनंतर हाताने पुढचे काडतूस भरावे लागते अशीच रायफल लागते, मग ती बाजूची दांडी सरकवून भरायची बोल्टची असो, चापाखालचा खटका खालीवर करून भरायची लिव्हरची असो की पुढचा दस्ता मागेपुढे करून भरायची पंपाची. हा नियम बदलण्याचा प्रयत्न झाला नाही असेही नाही. २०१६ साली तिथल्या विधिमंडळाने कायदा करून शिकारीचे नियम ठरवणाऱ्या राज्याच्या गेम कमिशनला सेमी-ऑटो रायफलींना परवानगी देण्याचा अधिकार दिला आणि २०१७च्या सुरुवातीला कमिशनने हरणांसह मोठ्या जनावरांसाठीही त्या खुल्या करण्याचा प्राथमिक प्रस्ताव मांडला. शिकाऱ्यांचा कौल घेतल्यावर मात्र बहुसंख्यांनी मोठ्या जनावरांच्या बाबतीत विरोध नोंदवला. मग ससे, खारी यांसारखी लहान सावजे आणि केसाळ कातडीसाठी मारली जाणारी कोल्ह्यासारखी जनावरे एवढ्यापुरतीच परवानगी मिळाली. तेव्हा सेमी-ऑटो घेऊन तुम्ही पॉटर काउंटीत हरणामागे गेलात, तर पहिली गोळी सुटण्यापूर्वीच गुन्हा घडलेला असेल.

मावसभाऊ चुकीचे सांगत होते असे मात्र नाही. ते टेक्सासचे सांगत होते. तिथे हरणासाठी सेमी-ऑटोला आडकाठी नाही, जमीन बहुतेक खासगी आहे आणि रानडुकरांचा उपद्रव एवढा की एका कळपावर लागोपाठ चार गोळ्या झाडण्याची वेळ खरोखरच येते. मिशिगन आणि न्यूयॉर्क या राज्यांत सेमी-ऑटो चालते, पण नळीतले आणि मॅगझिनमधले, म्हणजे रायफलीतल्या काडतुसांच्या कप्प्यातले, मिळून सहापेक्षा जास्त काडतुसे मावता कामा नयेत. ओहायोत २०१४पासून हरणासाठी रायफल चालू लागली, पण ती सरळ भिंतीच्या, म्हणजे पुंगळी तोंडाकडे निमुळती होत नाही अशा, काडतुसांची. आणि तुम्ही जिथे राहता त्या न्यू जर्सीत हरणावर नेहमीची रायफल वापरताच येत नाही; तिथे छर्ऱ्याची बंदूक, ठासणीची बंदूक किंवा धनुष्यबाण. युरोपचेही पाहा: जर्मनीत शिकारीच्या सेमी-ऑटोच्या मॅगझिनमध्ये दोनच काडतुसे चालतात, एक नळीत, म्हणजे एकूण तीन. त्यामुळे ‘हरणासाठी कोणती रायफल चांगली’ या प्रश्नाला कोणत्या राज्यात, कोणत्या हंगामात हे जोडल्याशिवाय उत्तर नसते, आणि त्या त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

कायद्याचे बोट दाखवून पत्र संपवता आले असते. पण उद्या तुम्ही टेक्सासला मावसभावाकडे गेलात तर हाच प्रश्न पुन्हा उभा राहील, आणि तुमच्या पत्नींनी जी अट घातली आहे ती कोणत्याही राज्याच्या नियमापेक्षा कडक आहे. म्हणून मुळापासून बोलू.

बोल्ट-ॲक्शन रायफलीत उजव्या बाजूला एक दांडी असते. गोळी झाडल्यावर ती वर उचलायची, मागे ओढायची, की रिकामी पुंगळी बाहेर उडते. पुढे ढकलायची, की मॅगझिनमधले वरचे काडतूस नळीत जाते. आणि खाली दाबायची, की सगळे घट्ट बंद होते. जर्मनीच्या १८९८च्या माउझर रायफलीने ही रचना जवळजवळ पक्की केली, आणि आजच्या बहुतेक शिकारी रायफली तिच्याच लेकी-नाती आहेत. सेमी-ऑटोमध्ये हेच काम गोळीमागचा वायू करतो. नळीला एक बारीक भोक असते, त्यातून थोडा वायू वळवून एक दट्ट्या मागे रेटला जातो, तो बोल्टला मागे नेतो आणि स्प्रिंग त्याला पुढे आणते. चाप मात्र प्रत्येक गोळीला नव्याने ओढावा लागतो. पुष्कळांना सेमी-ऑटो म्हणजे मशीनगन वाटते, तशी ती नसते. ब्राउनिंगची बार ही १९६७पासून बाजारात असलेली सेमी-ऑटो दिसायला अगदी साधी लाकडी दस्त्याची शिकारी रायफल आहे, आणि ती वापरणारे जुने शिकारी मला अत्यंत संयमी आढळले आहेत.

आता अचूकतेचा मुद्दा, ज्याचे दुकानातून फार भांडवल केले जाते. बरी बोल्ट रायफल आणि बरी काडतुसे असतील तर १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, तीन गोळ्या साधारण एक इंचाच्या आत पडतात. शिकारी सेमी-ऑटो दीड-दोन इंच घेते. कागदावर हा फरक दुप्पट दिसतो. पण व्हाइट-टेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या, हरणाच्या छातीतला, फुप्फुसे आणि हृदय व्यापणारा भाग सुमारे आठ इंच व्यासाचा असतो, आणि पॉटर काउंटीच्या दाट जंगलात बहुतेक गोळ्या १०० यार्डांच्या आतच झाडल्या जातात. एक इंच काय आणि दोन इंच काय, दोन्ही त्या आठ इंचांत आरामात बसतात. नेम चुकतो तो थंडीने काकडलेल्या हातामुळे, टेकू न घेतल्यामुळे आणि धडधडत्या छातीमुळे. म्हणून अचूकतेसाठी बोल्ट घ्या असे मी तुम्हाला सांगणार नाही.

खरा प्रश्न दुसऱ्या गोळीचा आहे, आणि इथे माझे मत मी मोकळेपणाने सांगतो. लगेच सुटणारी दुसरी गोळी ही नवशिक्याला मदत वाटते, पण बहुधा ती त्याचा घात करते.

माझाच पहिला हंगाम सांगतो. मित्राची पंपाची रायफल उसनी आणली होती. पंपाची रायफल पुढचा दस्ता मागेपुढे केला की भरते, आणि सराव असेल तर सेमी-ऑटोच्या जवळपास जाईल इतकी झरझर चालते. सकाळचे साडेसात वाजले असतील. साठ-पासष्ट यार्डांवर ओकच्या झाडांतून एक मादी बाहेर आली आणि आडवी उभी राहिली. मी चाप ओढला, ती उसळली आणि पळाली. पुढच्या तीन सेकंदांत मी आणखी दोन गोळ्या झाडल्या. त्या दोन गोळ्या झाडताना दुर्बिणीत मला हरीण दिसत नव्हते, फक्त हलणारी झुडपे दिसत होती, हे मला नंतर आठवून आठवून कबूल करावे लागले. माग काढत गेलो तेव्हा मादी सत्तर पावलांवर मरून पडलेली होती, पहिली गोळी दोन्ही फुप्फुसांतून गेलेली. दुसरी एका बीचच्या बुंध्यात सापडली. तिसरी कुठे गेली ते आजवर कळलेले नाही. त्या दिशेला अर्ध्या मैलावर दुसरी टोळी बसलेली होती. मित्र काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याने मला एकच काडतूस दिले.

फुप्फुसांतून गोळी गेलेले हरीणही पुष्कळदा पन्नास ते शंभर यार्ड पळते. त्यामुळे ‘पळाले म्हणजे चुकली’ हा नवशिक्याचा निष्कर्ष बहुधा खोटा असतो, आणि त्या निष्कर्षावर झाडलेली घाईची गोळी पोटात किंवा मांडीत बसली, तर जे हरीण पन्नास पावलांवर शांत झाले असते तेच जायबंदी होऊन मैलभर जाते. तुमच्या पत्नींना ज्याची भीती आहे ते तडफडणे बहुतेक वेळा असेच घडते. बोल्टमध्ये दांडी उचलून पुन्हा खाली बसेपर्यंत सराव असलेल्या माणसाला सेकंद-दीड सेकंद लागतो, नवशिक्याला अधिक. त्या वेळात हात गुंतलेला असतो आणि डोळे मोकळे असतात. हरीण कसे उसळले, कोणत्या झाडामागे गेले, शेपटी वर होती की खाली, हे तेवढ्यात दिसते. मग गरज असेल तर दुसरी गोळी तयार असतेच. मी बोल्टच्या बाजूने आहे तो या सेकंदभरासाठी.

याची दुसरी बाजू खोटी नाही. जखमी हरीण समोर धडपडत असेल आणि ते पुन्हा स्पष्ट दिसत असेल, तर दुसरी गोळी जितक्या लवकर जाईल तितके बरे, आणि कसलेल्या शिकाऱ्याच्या हाती सेमी-ऑटो हे काम उत्तम करते, कारण त्याला रायफल खांद्यावरून हलवावी लागत नाही. हाका घालून जिथे शिकार करतात, हाकारे एका बाजूने येतात आणि जनावरे पळत समोरून जातात, तिथे युरोपात सेमी-ऑटोला मान आहे तो यासाठीच. पण हाक्यात पळत्या जनावरावर गोळी झाडणे हे पहिल्या हंगामाचे काम नव्हे. तुमचे सहकारी हाका घालणार असतील तर यंदा तुम्ही हाकाऱ्यांत चाला, नारिंगी जाकीट आणि टोपी घालून. नारिंगी रंगाचा नियमही तिथे काटेकोर आहे: डोके, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच चकाकता नारिंगी रंग, चारही बाजूंनी दिसेल असा.

सेमी-ऑटोची एक अडचण दुकानात कोणी सांगत नाही, ती पहाटेच्या अंधारातच कळते. हरणाच्या शिकारीची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते. तुम्ही त्याही आधी जाऊन मचाणावर बसलेले असता, पाने कडक गोठलेली असतात आणि उंदीर फिरला तरी ऐकू येतो. मचाणावर चढताना रायफल रिकामी असावी हा नियम आहे आणि तो पाळलाच पाहिजे, म्हणजे काडतूस वर बसल्यावर भरायचे. बोल्ट असेल तर दांडी तळहातात धरून सावकाश पुढे सरकवता येते, हातमोज्यातल्या हाताखाली ‘टक्’ एवढाच आवाज होतो. सेमी-ऑटोचा बोल्ट पूर्ण मागे ओढून सोडून द्यावा लागतो. तो हळूच पुढे नेला तर नीट बंद होईल याची खात्री नसते, आणि अर्धवट बंद झालेली रायफल ऐन वेळी नुसता चाप वाजवते. सोडून दिला की दाराची कडी आपटावी असा आवाज त्या शांततेत दूरवर जातो. शिवाय कडाक्याच्या थंडीत जाड तेल घट्ट होते आणि वायूवर चालणारी यंत्रणा सुस्तावते. ती वेळोवेळी सोडवून, पुसून, हलके तेल लावून ठेवावी लागते. वर्षातून दहा दिवस रायफल हातात घेणारा माणूस ही निगा राखतोच असे नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे. हरीण पडले की नवशिका उडी मारून धावत सुटतो. सेमी-ऑटोमध्ये त्या क्षणी पुढचे काडतूस नळीत आपोआप आलेले असते आणि सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी कळ, उघडी राहिलेली असते. बोल्टमध्ये तुम्ही दांडी हलवली नसेल तर नळीत फक्त रिकामी पुंगळी असते. शिस्त दोन्हींत सारखीच लागते, पण शिस्त विसरल्याची शिक्षा सारखी नसते.

आता तुमचा खांदा. मावसभाऊ म्हणतात त्यात तथ्य आहे: वायूवर चालणाऱ्या रायफलीचा धक्का थोडा लांबतो, म्हणून तो ठोसा न वाटता ढकलल्यासारखा वाटतो. पण धक्का कमी करायचा तर यंत्रणेपेक्षा काडतूस बदलणे जास्त गुणकारी. साडेसात-आठ पौंडांच्या रायफलीत .३०-०६, म्हणजे १९०६चे जुने सैनिकी काडतूस, सुमारे २० फूट-पौंडांचा धक्का देते. .३०८ विंचेस्टर १६-१७ देते, ६.५ क्रीडमोर साधारण १२, आणि .२४३ विंचेस्टर नऊच्या आसपास. .२४३ हे १९५५पासूनचे काडतूस आहे, असंख्य पोरांनी आणि त्यांच्या आज्यांनी त्याने हरणे मारली आहेत, आणि १०० यार्डांवर व्हाइट-टेलला ते पुरून उरते. फक्त गोळी हरणासाठी बनवलेली, ९५ ते १०० ग्रेन वजनाची घ्या, कोल्ह्यांसाठीची हलकी, लगेच फुटणारी गोळी घेऊ नका. पॉटर काउंटीतच शिकार करायची असेल तर तुमच्यासाठी माझी पहिली पसंती .२४३ला, दुसरी ६.५ क्रीडमोरला. कमी दारूची मवाळ काडतुसेही मिळतात आणि बोल्टमध्ये ती निर्धास्त चालतात. सेमी-ऑटोत ती दट्ट्या पुरेसा रेटत नाहीत आणि रायफल अडकते. नळीच्या तोंडाला बसवायचा मझल ब्रेक कोणी सुचवला तर नको म्हणा. धक्का कमी होतो, पण आवाज उलटून तुमच्या आणि शेजाऱ्याच्या कानावर येतो. खांदा वाचवून कान घालवण्यात अर्थ नाही.

फिजिओथेरपिस्टला मात्र एक प्रश्न जरूर विचारा, आणि तो धक्क्याचा नाही: उजवा हात खांद्याच्या उंचीवर ठेवून वर उचलणे, मागे ओढणे, पुढे ढकलणे चालेल का? बोल्टची दांडी उचलताना हेच करावे लागते. काही रायफलींची दांडी ९० अंश उचलावी लागते, उदाहरणार्थ रेमिंग्टन ७००ची. टिका आणि रुगर अमेरिकन यांची ७० अंशांतच मोकळी होते. ऑपरेशन झालेल्या खांद्याला हा फरक जाणवतो. उत्तर नकारार्थी आले तर लिव्हरची रायफल पाहा. मार्लिन ३३६ किंवा विंचेस्टर ९४, दोन्ही .३०-३०च्या, हलक्या, जंगलात वावरायला सोप्या, आणि लिव्हर हलवताना मनगट आणि कोपरच जास्त राबतात. .३०-३०चा धक्काही बेताचा असतो. दीडशे यार्डांच्या पुढे तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये, पण तुम्हाला ती ठेवायचीच नाही.

पंपाच्या रायफलीबद्दल पेनसिल्व्हेनियात तुम्हाला पदोपदी ऐकायला मिळेल. सेमी-ऑटोला बंदी असल्यामुळे रेमिंग्टनच्या ७६० आणि नंतरच्या ७६०० या पंप रायफलींनी तिथे घराघरात जागा मिळवली, आणि वीज-मोटारी न वापरणाऱ्या आमिश शेजाऱ्यांच्या नावाने तिला गमतीने ‘आमिश मशीनगन’ म्हणतात. रायफल चांगली आहे, पण माझ्या तिसऱ्या गोळीची कथा तुम्ही वाचलीतच.

पैशांचे गणित सोपे आहे. ब्राउनिंग किंवा बेनेलीसारखी चांगली सेमी-ऑटो एकटीच तुमचे १२०० डॉलर ओलांडते. रुगर अमेरिकन, सॅव्हेज ११० किंवा टिका यांपैकी एक बोल्ट रायफल, बऱ्यापैकी दुर्बीण आणि सरावाची काडतुसे हे सगळे मिळून त्या रकमेत बसवता येते. दुर्बिणीवर कंजूषी करू नका, पण मोठी शक्तीही घेऊ नका. जंगलात तीनपट ते नऊपट पुरे, आणि बसल्यावर ती तीनवरच ठेवलेली असावी. नऊवर ठेवली तर जवळच्या हरणाचे नुसते केस दिसतात, हरीण दिसत नाही. सेफ्टी लावलेलीच ठेवून बोल्ट उघडून काडतुसे काढता येतील अशी रचना निवडा. विंचेस्टर ७० आणि सॅव्हेज ११० यांची तीन टप्प्यांची सेफ्टी त्यासाठीच आहे.

सरावाची एक गोष्ट नीट शिका, कारण बोल्टची सगळी भिस्त तिच्यावर आहे. नवशिका गोळी झाडली की रायफल खांद्यावरून खाली घेतो, दांडीकडे पाहतो, मग भरतो. त्यात हरीण नजरेआड होते. गाल दस्त्यावरून न उचलता, डोळा दुर्बिणीतच ठेवून दांडी चालवायची. शिवाय ती पूर्ण मागे ओढायची, जोरात. अर्धवट ओढली तर रिकामी पुंगळी निघते पण नवे काडतूस वर येत नाही, आणि तुम्ही रिकाम्या रायफलीचा नेम धरून बसता. घरी नकली काडतुसे घालून, खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, रोज दहा वेळा हे करा. रेंजवर बाकावर टेकून दुर्बीण एकदा जुळवली की पुढचा सराव बाकावर करू नका. गुडघा टेकून, झाडाला टेकून, काठीवर टेकवून करा. एका बैठकीत पंधरा-वीस गोळ्या पुरेत, खांदा दुखू लागला की थांबा, कारण दुखऱ्या खांद्याने चाप झटक्याने ओढण्याची सवय लागते आणि ती जाता जात नाही. एका कागदी थाळीवर आठ इंचांचे वर्तुळ काढा; ज्या अंतरावरून त्यात पाचपैकी पाच गोळ्या लागतात तेच तुमचे अंतर. ते ६० यार्ड निघाले तर ६१व्या यार्डावरचे हरीण तुमचे नाही.

कागदपत्रांचेही पाहा. ग्रीन कार्ड असल्याने केंद्रीय कायद्याची तुम्हाला आडकाठी नाही. हे पत्र वाचणाऱ्या नोकरीच्या एच-वन व्हिसावरच्या मंडळींसाठी नियम वेगळा आहे: त्यांना बंदूक बाळगण्यास मनाई आहे, वैध शिकार-परवाना असणे हा त्याला अपवाद आहे, आणि तो अपवाद आपल्याला लागू होतो की नाही हे वकिलाला विचारल्याशिवाय रायफलीला हातही लावू नये. तुम्हाला न्यू जर्सीत रायफल विकत घेण्यासाठी स्थानिक पोलिसांकडून मिळणारे खरेदीदाराचे ओळखपत्र लागेल, आणि त्याला वेळ लागतो. गाडीतून नेताना रायफल रिकामी, कुलूपबंद पेटीत, काडतुसे वेगळी. सांगलीच्या घरी कोणाच्या आजोबांची बाराबोअर असेल आणि सुट्टीत ‘तिकडे शिकलोय तर इकडेही’ असे कोणाच्या मनात येत असेल, तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, भेकर, काळवीट यांतले एकही जनावर शिकारीसाठी खुले नाही, आणि तो विषय तिथेच संपतो.

इतके सांगून माझा खरा सल्ला हा, की यंदा रायफल विकत घेऊच नका. तुमच्या सहकाऱ्यांकडे बोल्ट रायफल असणारच, आणि इतकी वर्षे शिकार करणाऱ्याच्या कपाटात मुलांसाठी घेतलेली एखादी .२४३ही बहुधा असते. जुलैत त्यांच्याबरोबर त्यांच्या रेंजवर जा, .२४३ आणि ६.५ क्रीडमोर दोन्ही खांद्याला लावून पाहा, पाच-पाचच गोळ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा काय म्हणतो ते पाहा. पत्नींनाही घेऊन जा. गोळी झाडायला नव्हे, कागदी थाळी पाहायला. हंगाम थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या अमेरिकी सणानंतरच्या शनिवारी सुरू होतो, म्हणजे जुलैनंतरही हाताशी जवळजवळ चार महिने राहतात. ऑक्टोबरअखेरपर्यंत उसन्या रायफलीने ६० यार्डांवर त्या थाळीत पाचांपैकी पाच बसू लागल्या, तर सहकाऱ्यांना विचारून तीच रायफल घेऊन जा आणि १२०० डॉलर पुढच्या उन्हाळ्यासाठी राखून ठेवा. बसल्या नाहीत, तरी त्यांच्याबरोबर जाच, पण रिकाम्या हातांनी. मचाणावर शेजारी बसून एक हंगाम नुसता पाहण्यात काही कमीपणा नाही, आणि हरीण सोलायला त्यांना दोन हात जास्तच लागतील.